शिफारस पोहोचली, कारण राहिले

जालन्याहून भोकरदनकडे जाताना राजूरच्या पुढे, पूर्णेच्या काठी केदारखेडा लागते. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, मका, आणि पाऊस हुकला की वर्ष हुकले असा हिशेब. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांसारखे हे एक गाव. तालुक्याचे ठिकाण भोकरदन. तहसील असो, कोर्ट असो, बँक असो, केदारखेड्याच्या माणसाला भोकरदनची फेरी चुकत नाही. त्या भोकरदनच्या मातीने पुराणवस्तुशास्त्राला एक मोठा प्रश्न दिलेला आहे. तो प्रश्न जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. पूर्णेकाठच्या किती घरांत तो माहीत असेल, याविषयी मला शंका आहे.

१९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि तेव्हाचे मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून भोकरदनला उत्खनन केले. नागपूरकडून शां. भा. देव आणि औरंगाबादकडून आर. एस. गुप्ते यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. जालना जिल्हा तेव्हा व्हायचा होता. भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात होते. महाराष्ट्र १९७२च्या दुष्काळात होरपळत होता, माणसे रोजगाराच्या कामांवर खडी फोडत होती, तलाव खणत होती. त्याच काळात केळणा नदीकाठच्या या गावात दोन विद्यापीठांचे लोक मातीचे थर एकेक करून उलगडत होते. सातवाहन काळातली भरभराटीची वस्ती त्यांना सापडली. आणि सापडला हस्तिदंतात कोरलेल्या एका स्त्रीमूर्तीचा तुटका भाग, बाजूला छोट्या सेविका असलेला.

हा तुकडा महत्त्वाचा का, हे समजायला इटलीत जावे लागते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली पाँपेई शहर गाडले गेले. तिथल्या एका घरात १९३८ साली भारतीय घडणीची वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या दोन्ही बाजूंनाही अशाच सेविका आहेत. भोकरदनचा तुकडा तिच्याशी इतका जुळतो की पाँपेईची मूर्ती याच परिसरात घडली असावी, असे मत काही अभ्यासकांनी मांडले. इतरांनी उत्तरेतल्या मथुरेकडे किंवा आणखी कुठे बोट दाखवले. वाद मिटलेला नाही. पण सांची आणि भारहुतच्या स्तूपांवरच्या दानलेखांत भोगवर्धनचे लोक दाते म्हणून नोंदलेले आहेत, आणि भोगवर्धन म्हणजेच भोकरदन हे अभ्यासकांनी स्वीकारलेले आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसे दूरच्या स्तूपाला दान देण्याइतकी सधन होती, आणि इथला किंवा इथल्यासारखा माल समुद्रापार जात होता. एवढे नक्की म्हणता येते. ती मूर्ती आमच्याकडूनच गेली, असे मात्र छातीठोकपणे म्हणता येत नाही.

उत्खननाचा अहवाल १९७४ साली निघाला, इंग्रजीत. अभ्यासकांसाठी ते योग्यच होते. पाँपेईवर लिहिणाऱ्या परदेशी माणसाला तो वाचता आला आणि म्हणून भोकरदनचे नाव तिकडच्या तळटिपांत पोहोचले. प्रश्न दुसऱ्या बाजूचा आहे. ज्यांच्या मातीतून हे निघाले त्यांच्यापर्यंत त्यातले काय आले? आले ते असे: इथे जुने काहीतरी सापडले, मूर्ती रोमला गेली होती म्हणतात. निष्कर्ष आला, तोही अर्धा, आणि अभिमानाच्या रूपात आला. तो निष्कर्ष कशावरून काढला, त्यात कच्चे दुवे कुठे आहेत, उद्या शेत नांगरताना एखादे खापर वर आले तर त्याचा त्या कोड्याशी काय संबंध असू शकतो, हे आले नाही.

विद्यापीठातले संशोधक सामान्य माणसाशी सोप्या भाषेत बोलत नाहीत, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. मला ती तक्रार अपुरी वाटते. सोपी भाषा वापरूनही माणसाला अंधारात ठेवता येते. आपल्याकडची विद्यापीठे लोकांशी बोलतात, पण बहुतेक वेळा निकालाच्या भाषेत बोलतात: हे सापडले, हे वाण घ्या, ही फवारणी करा, हे करू नका. निकालामागचे कारण, त्याचा पुरावा आणि त्यातली अनिश्चितता संशोधक आपल्यापाशीच ठेवतो. लोकांना ते झेपणार नाही किंवा त्यांना त्याची गरज नाही, असे तो धरून चालतो. माझे म्हणणे असे की शोध समजावून सांगणे म्हणजे कारण सांगणे. ते न सांगता दिलेला निष्कर्ष कितीही सोप्या मराठीत दिला तरी ती फक्त सूचना राहते. आणि सूचनेचे काय होते, हे या जिल्ह्याने कापसात पाहिले आहे.

जालना हे बियाण्यांचे शहर. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. देशातल्या पहिल्या बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष झाडातच असलेल्या कापसाला, मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा ते वाण याच कंपनीच्या नावावर होते. त्या परवानगीसोबत एक अट होती. बीटी कापसाच्या कडेने पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढ्या भागात बिगर-बीटी कापूस लावायचा. त्यासाठी साडेचारशे ग्रॅमच्या बीटी बियाण्याबरोबर एकशेवीस ग्रॅमचे वेगळे पाकीट मिळू लागले. शेतकऱ्यांच्या बोलण्यात त्याला ‘रेफ्युजी’ असे नाव पडले.

हे पाकीट फार थोड्यांनी पेरले. बहुतेकांनी ते बाजूला टाकले, आणि त्यांच्या जागेवरून पाहिले तर त्यात वेडेपणा काहीच नव्हता. अळी येऊ नये म्हणून महागाचे बियाणे घ्यायचे आणि शेताच्या कडेला मुद्दाम अळीचे खाद्य लावायचे, ही सूचना कारणाशिवाय ऐकली तर चेष्टाच वाटते. कारण असे होते: बीटीचे विष पचवणारी एखादी अळी लाखांत कुठेतरी असतेच. सगळीकडे बीटीच असेल तर तेवढीच जगते, तशाच उरलेल्या दुसरीशी तिचा संकर होतो आणि पुढची पिढी सगळी प्रतिकारक निपजते. जवळ बिगर-बीटी कापूस असेल तर तिथे साधे पतंग मोठ्या संख्येने तयार होतात. प्रतिकारक पतंगाची गाठ बहुधा त्यांच्यातल्याच एखाद्याशी पडते, आणि त्यांची पिल्ले बीटीची बोंडे खाऊन मरतात, कारण प्रतिकाराचा गुण दोन्ही पालकांकडून आल्याशिवाय पुरता प्रकट होत नाही. शेळ्यांची आणि जनावरांची पैदास करणाऱ्या माणसाला अशी आनुवंशिकता परकी नाही. नर कोणता लावला, कोणता गुण एका पिढीत लपला आणि पुढच्या पिढीत परत उगवला, हे तो गोठ्यात पाहतच असतो. त्याला हे पाचसात मिनिटांत सांगता आले असते.

पुढचे सर्वांना माहीत आहे. २०१० साली गुजरातमधल्या गुलाबी बोंडअळीत पहिल्या पिढीच्या बीटीला प्रतिकार तयार झाल्याचे जाहीर झाले. दोन जनुकांचे वाण त्याआधीच बाजारात आले होते. काही वर्षांत त्यालाही अळी दाद देईनाशी झाली. २०१७च्या हंगामात मराठवाडा आणि विदर्भात डोमकळ्या दिसू लागल्या, बोंडे किडली, उभ्या कापसात लोकांनी नांगर घातला. त्यानंतर कामगंध सापळे लावा, फरदड घेऊ नका, हंगाम वेळेत संपवा, असा सूचनांचा दुसरा पाऊस पडला. या सूचना बरोबर होत्या. त्याही सूचनाच होत्या.

इथे एक प्रामाणिक आक्षेप घ्यायला हवा, आणि तो मीच घेतो. कारण कळले असते म्हणून सगळ्यांनी ते पाकीट पेरले असते का? नाही. वीस टक्के क्षेत्रातले नुकसान माझे, आणि प्रतिकार लांबण्याचा फायदा सगळ्या शिवाराचा. दोन-तीन एकरांच्या मालकाने एवढा तोटा एकट्याने का सोसावा? शिवाय भारतात कापूस संकरित वाणांचा आहे आणि हंगाम लांबतो. अळीला सोयीच्या अशा इतरही गोष्टी होत्या. एका पाकिटावर सगळा दोष टाकणे भाबडेपणाचे होईल.

तरीही कारण सांगण्याचे मोल कमी होत नाही, उलट नेमके इथेच ते कळते. सूचना पाळायची असते किंवा मोडायची असते. तिसरा मार्ग नसतो. कारण हाती असले की तोडगा काढता येतो. साध्या पतंगांची पैदास हवी आहे, एवढे गावाला समजले असते तर गाव म्हणू शकले असते की प्रत्येकाच्या बांधाला पाच ओळी कशाला, दर काही शेतांमागे एकाचे शेत तसे ठेवू आणि त्याची भरपाई वाटून घेऊ. किंवा म्हणू शकले असते की वेगळे पाकीट देऊ नका, बियाणे आधीच मिसळून द्या, म्हणजे टाकायला उरणारच नाही. हा दुसरा उपाय पुढे खरोखरच आला. बीटी आणि बिगर-बीटी बी एकाच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत अलीकडच्या वर्षांत रुळली. तिला इतकी वर्षे लागली, कारण पाकीट बांधावर का पडते हे विचारण्याऐवजी शेतकरी नियम पाळत नाहीत अशी नोंद करण्यात समाधान मानले गेले. अमेरिकेत हीच अळी बीटी कापसाच्या, वांझ पतंगांच्या आणि सामूहिक शिस्तीच्या जोरावर हटवली गेली. २०१८ साली तिथे तिचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. तिथल्या मोठ्या शेतांची आणि आपल्या तुकड्यांची तुलना होत नाही. पण शेतकरी संघटना त्या योजनेत ठरवणाऱ्यांच्या बाजूला बसल्या होत्या, हा फरक जमिनीच्या आकाराचा नाही.

कारण सांगण्याचा आणखी एक लाभ असतो आणि तो संशोधकाच्या पदरात पडतो. कारण सांगितले की ऐकणारा ते तपासू शकतो. १९८६ साली चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला आणि किरणोत्सारी सीझियम पावसाबरोबर इंग्लंडच्या कंब्रिया भागातल्या डोंगरांवर पडले. तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली. ती तीन आठवड्यांत उठेल, असे शास्त्रज्ञांनी मेंढपाळांना सांगितले. तीन आठवडे गेले, बंदी वाढली, आणि काही शेतांवर ती २०१२ सालापर्यंत राहिली. चूक अशी झाली होती की सीझियम जमिनीत लवकर अडकून पडेल हा अंदाज चिकणमातीवरच्या अभ्यासातून आला होता. डोंगरावरची माती आम्लधर्मी आणि कुजलेल्या वनस्पतींची होती, तिथे ते गवतात पुन्हा पुन्हा येत राहिले. ब्रायन विन या समाजशास्त्रज्ञाने त्या मेंढपाळांशी बोलून हे प्रकरण अभ्यासले. त्याला दिसले की आपल्या डोंगरातली माती कशी, मेंढ्या कुठे चरतात, त्यांना कुंपणात कोंडले तर काय होते, हे सारे मेंढपाळांना माहीत होते. त्यांना कोणी विचारले नव्हते. आमचा अंदाज या प्रकारच्या मातीवर बेतलेला आहे, एवढे एक वाक्य शास्त्रज्ञांनी सांगितले असते तर तुमची माती वेगळी आहे हे दुसरे वाक्य त्यांना तिथेच ऐकायला मिळाले असते.

ब्रिटनमध्ये अशा अनुभवांतून विचार बदलला. १९८५ साली रॉयल सोसायटीच्या एका अहवालाने लोकांना विज्ञान कमी समजते, ते समजावले पाहिजे, असा सूर लावला होता. २००० साली तिथल्या उमरावांच्या सभागृहाच्या समितीने तो सूर बदलून संवादाची भाषा धरली. समज कमी आहे ती लोकांचीच, हे गृहीतक तेवढ्या पंधरा वर्षांत डळमळले. आपल्याकडे ते अजून ठाम उभे आहे. ‘प्रबोधन’, ‘जनजागृती’, ‘मार्गदर्शन मेळावा’ या शब्दांमध्ये एक जागा आहे आणि एक झोपलेला आहे, एकाला वाट माहीत आहे आणि दुसरा चुकलेला आहे, असे आधीच ठरलेले असते.

परभणीच्या कृषी विद्यापीठाचे मेळावे याच नावाने भरतात. विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ची. त्या दिवशी खरीप मेळावा आणि मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, १७ सप्टेंबरला, रब्बी मेळावा ही तिथली जुनी रीत आहे. गर्दी चांगली होते, बियाण्यासाठी रांगा लागतात, ‘शेतीभाती’ मासिक आणि दैनंदिनी विकली जाते. मराठीत बोलणारी, गावाकडून आलेली, शेतीतूनच शिकून वर गेलेली माणसे तिथे प्राध्यापक आहेत. भाषेचा अडसर जवळपास नाही. म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचे. भाषेचा अडसर नसतानाही मंचावरून येते ती शिफारसच. ती किती ठिकाणच्या, किती वर्षांच्या प्रयोगांवर आधारली आहे, कोणत्या जमिनीत ती उतरली नाही, कोरडवाहूत तिचे काय झाले, हे अहवालात असते आणि भाषणात गळते. आणि पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याला नेमके तेच गळलेले हवे असते.

वेगळी वाटही जालना जिल्ह्यातच आहे. खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र मराठवाडा शेती साहाय्य मंडळ चालवते. दर महिन्याला भरणारे तिथले चर्चासत्र हे मेळाव्यापेक्षा वेगळ्या जातीचे आहे. तोच शास्त्रज्ञ पुन्हा पुन्हा त्याच माणसांसमोर उभा राहतो, म्हणून मागच्या वेळी सांगितलेले चुकले तर ते विचारायला माणूस समोर असतो. जालना तालुक्यातले कडवंची याच मंडळाच्या कामातून उभे राहिले. नव्वदीच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झाले आणि पुढे शेततळी, द्राक्षबागा आल्या. हे काम गावाला पाणलोटाचे शास्त्र कळल्याशिवाय होण्यासारखे नव्हते. वरच्या शेतकऱ्याने चर खणू दिला तर खालच्याच्या विहिरीला पाणी येते. मग वरच्याने तो का खणू द्यावा, याचे उत्तर फक्त कारणात सापडते, आदेशात सापडत नाही. बिगर-बीटीच्या पाकिटातला पेच अगदी असाच होता. तो एका ठिकाणी सुटला आणि दुसरीकडे सुटला नाही.

कोणी म्हणेल, शेतीचे ठीक आहे, तिथे पोटाचा प्रश्न आहे. भोकरदनच्या तुकड्याचे कारण केदारखेड्याला कळून काय मिळणार? याचे उत्तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरने दिले आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर, सातवाहन काळातले दुसरे मोठे व्यापारी ठाणे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि शिवारात सापडणारी खापरे, मणी, मृण्मूर्ती गोळा करून जपल्या. त्यातून तेरला त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. ते विद्यापीठातले संशोधक नव्हते. पावसानंतर मातीतून वर आलेली फुटकी वस्तू टाकायची नसते, ती कुठे मिळाली हे लक्षात ठेवायचे असते, एवढे मूळ कारण त्यांना उमजले होते. पुराणवस्तुशास्त्राला असे डोळे गावोगाव लागतात. विद्यापीठाचे पथक एका हंगामात काही खड्डे खणून जाते. शिवार वर्षभर पायाखाली घालणारी माणसे तिथेच राहतात. पाँपेईच्या मूर्तीचा वाद ज्या पुराव्याने पुढे सरकेल, तो भोकरदनच्या आसपासच्या एखाद्या बांधावर असू शकतो. तो ओळखणारे कोणी तिथे नसले तर तो खडीत जाईल. कारण न सांगितल्याने संशोधनाचे स्वतःचेच नुकसान होते, ते असे.

शोध गाजला की कारण पोहोचते, हेही पाहिले आहे. जून २०२०मध्ये शेजारच्या बुलढाण्यातल्या लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. अफवांना ऊत आला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे सरोवराचे प्रकरण आधीच होते. वन विभागाने नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला, तो कायमचा नाही, असे आघारकरच्या तपासणीत निघाले. मराठी वृत्तपत्रांनी ते छापले, लोकांनी वाचले. चांगलेच झाले. पण त्यामागे बातमीची निकड होती, न्यायालयाचा दट्ट्या होता. बोंडअळीचा प्रतिकार हळूहळू वाढतो, भूजल हळूहळू खाली जाते, जमिनीचा पोत हळूहळू बिघडतो. त्यांचा रंग एका रात्रीत बदलत नाही. म्हणून त्यांचे कारण विचारायला कोणी येत नाही आणि सांगायलाही कोणी जात नाही.

मराठीत हे कारण सांगण्याची परंपरा दुबळी नाही. ‘सृष्टिज्ञान’ १९२८ पासून निघते आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली. तिच्याच स्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी १९७४ साली टोपणनावाने कथा लिहिली आणि पारितोषिक मिळवले. विश्वरचनेवर जगाशी वाद घालणारा हा माणूस मराठीत लिहायला कमीपणा मानत नव्हता. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सहीनिशी येईल. या युक्तीत मला एक महत्त्वाचा विचार दिसतो. सही घेऊन मूल घरी गेले असते तर त्याच्यापाशी मोठ्या माणसाची खूण राहिली असती. पोस्टकार्ड लिहायचे तर आधी आपल्याला काय कळलेले नाही, ते शोधावे लागे. बोलण्याची सुरुवात ऐकणाऱ्याच्या प्रश्नाने व्हावी, अशी ती व्यवस्था होती. मे २०२५मध्ये नारळीकर गेले तेव्हा त्यांच्या साधेपणाविषयी पुष्कळ लिहिले गेले. साधेपणा हा स्वभाव झाला. पोस्टकार्ड ही पद्धत होती, आणि पद्धत दुसऱ्यांना उचलता येते.

ती उचलली जात नाही याचा दोष व्यक्तींवर टाकून भागणार नाही. विद्यापीठात माणसाचे मोजमाप शोधनिबंधांवर होते. परदेशी नियतकालिकातल्या निबंधाला गुण आहेत. त्याच संशोधनावर मराठीत लिहिलेल्या, गावात वाचल्या जाणाऱ्या लेखाला मान असला तरी बढतीत वजन नाही. तरुण प्राध्यापकाने मग कशावर रात्री जागवाव्यात? त्यात आणखी एक भीती असते. सोपे सांगताना चुकले तर सहकारी हसतील, आणि अनिश्चितता सांगितली तर लोक म्हणतील याला काही माहीत नाही. दुसरी भीती खोटी नाही. पाऊस अमुक तारखेला पडणारच, असे सांगणारा लोकप्रिय होतो आणि शक्यतेची भाषा बोलणारी वेधशाळा चेष्टेचा विषय होते. पण ही सवय लोकांना कोणी लावली? वर्षानुवर्षे कारणाविना ठाम निष्कर्षच पुरवले, तर ठामपणा हीच ज्ञानाची खूण वाटणार, आणि त्या खेळात ठामपणे खोटे बोलणारा नेहमीच पुढे राहणार. शक्यतेची भाषा शेतकऱ्याला कळत नाही, असेही नाही. पहिल्या पावसावर पेरावे की थांबावे, हा जुगार तो दर मृगात खेळतो. त्याच्याइतका शक्यतेचा व्यवहार फार थोड्यांच्या आयुष्यात असतो.

हा प्रश्न अखेर हक्काचा आहे. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी तो मांडला होता. सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गाला मिळतो. वरच्यांना शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, या तेव्हाच्या धोरणावर त्यांनी नेमका आघात केला. आज वर्ग बदलले, विद्यापीठात बहुजन समाजातली माणसे आली, ही मोठी गोष्ट घडली. झिरपण्याचे गृहीतक मात्र तसेच राहिले. या दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणीसुद्धा आपोआप झिरपत नाही, त्यासाठी चर खणावे लागतात. ज्ञानाचे वेगळे काय होणार? सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक जमिनीतून, लोकांच्या शेतांतून आणि शरीरांतून घेतलेल्या नमुन्यांवर जे संशोधन होते, त्याचे कारण लोकांना सांगणे हे दान नव्हे. ते देणे आहे.

देणे असेल तर ते मागता येते आणि मोजता येते. विद्यापीठाने एखाद्या गावातून माती, पाणी, खापर, रक्त किंवा माहिती नेली, तर निबंध प्रसिद्ध होताना त्या गावासाठी मराठीत पाचसहा पानांचा वृत्तान्त निघालाच पाहिजे, आणि पदव्या व पदोन्नती देताना तो मोजला गेला पाहिजे. त्या पानांत चार गोष्टी असाव्यात. आम्ही काय विचारले. ते कसे शोधले. आमची खात्री किती आहे आणि कुठे नाही. काय दिसले तर आम्ही आमचे मत बदलू. यातली चौथी गोष्ट सर्वांत अवघड, आणि ती लिहिता आली नाही तर संशोधकाला स्वतःचा शोध नीट समजलेला नाही, असे खुशाल समजावे. मग तो वृत्तान्त घेऊन एकदा तरी गावात जावे आणि जाताना वही न्यावी, कारण तिथे बोलणारा तो एकटाच नसेल.

केदारखेड्यातल्या एखाद्या बाईने अशा सभेत विचारावे की तुमचे हे मत कोणत्या मातीवरून झाले, आमच्या शिवारातली माती त्यात होती का? या प्रश्नाला उत्तर देता येणे ही आपल्या विद्यापीठांची खरी परीक्षा आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तर ‘नव्हती’ असे असले तरी हरकत नाही. ते उत्तर मोठ्याने देणारा संशोधक पुढच्या हंगामात तिच्या शेतात नमुने घ्यायला आला तर ती त्याला अडवणार नाही. कुठून घ्यायचे, तेही सांगेल.